चारनंतरची गोल्टी

आई, घोडनदीच्या मार्केट यार्डामागचं शेठचं ते पत्र्याचं शेड अजून उभं आहे. तू ज्या जागी पोतं अंथरून कांदा निवडायला बसायचीस, बरोबर तिथं आता एक रबरी पट्टा फिरतो आणि त्याच्या डोक्यावर चार कॅमेरे टांगलेत. कांदा पट्ट्यावरून पुढं सरकतो, यंत्र त्याच्याकडं बघतं आणि मोठा, मध्यम, बारकी गोल्टी, जुळा जोड असं ज्याला त्याला आपापल्या खणात ढकलून देतं. ते यंत्र मी शिकवलंय. तुला जाऊन सतरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत एक अक्षर लिहिलं नाही आणि आज लिहायला बसले तर हे सांगायला. तू असतीस तर म्हणाली असतीस, आधी पाणी पी, मग सांग काय घाण करून आलीस ते.

आधी नोकरीचं सांगते. पाबळला शिकून मी रांजणगावच्या कारखान्यात तपासणीला लागले, ते तुझ्या डोळ्यांदेखत. निळ्या ड्रेसमध्ये पहिल्यांदा घरी आले तेव्हा तू मला दारातच उभं करून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला होतास. तिथं मी बरीच वर्षं काढली. मग तपासणीला कॅमेरे आले. आम्ही दिवसभर डोळे फोडून जे बघायचो ते कॅमेरा बघायला लागला आणि आम्हा नऊजणींना एका शुक्रवारी पेढे देऊन घरी पाठवलं. पेढे कशाचे ते मला आजही कळलेलं नाही. पुढं वर्षभरानं एकानं सांगितलं, वाघोलीत काही पोरांनी कंपनी काढलीय, त्यांना कांदा ओळखणारं माणूस पाहिजे. म्हणजे कॅमेऱ्यानं काढलं आणि कॅमेऱ्यानंच परत ठेवून घेतलं. माझी तक्रार नाही.

कंपनी म्हणजे मिठाईच्या दुकानावरच्या दोन खोल्या, सहा पोरं आणि मी. याला स्टार्टअप म्हणतात. मालक माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, मला ताई म्हणतो, डबा आणत नाही आणि रोज माझ्यातली अर्धी भाकरी खातो. पोरगा वाईट नाही. त्यानं शेडमध्ये बाया बसतात तिथं वर कॅमेरे लावून महिना-दीड महिना चित्रण केलं. कोणत्या बाईनं कोणता कांदा उचलला आणि कोणत्या ढिगात टाकला, एवढंच. ते सगळं यंत्राला दाखवायचं आणि यंत्रानं त्यावरून शिकायचं. त्यातले अडलेले कांदे माझ्याकडं यायचे. मी पडद्यावर बघून सांगायचं, हा जोड, हा गोल्टी, हा मध्यमच आहे पण डागाळलाय. पोरं त्याला लेबलिंग म्हणतात. आपण निवड म्हणायचो. मी लहान असताना तू माझे डोळे झाकून हातात कांदा द्यायचीस आणि विचारायचीस, "सांग, कंचा?" मान दाबून आतला सडका कांदा ओळखायला मी सातव्या वर्षी शिकले, पाढे त्यानंतर. त्या खेळावर आज माझा पगार होतो.

यंत्राला डोळा आहे, तळहात नाही, हे मी पहिल्याच दिवशी मालकाला सांगितलं होतं. मानेला मऊ पडलेला कांदा वरून राजबिंडा दिसतो. तेव्हा तो म्हणाला, बघू ताई, पुढच्या टप्प्यात. त्यांचं सगळं पुढच्या टप्प्यात असतं.

तर यंत्र शिकलं. सकाळपासून दुपारपर्यंत असं काम करायचं की मलाही चूक काढता येईना. पण चार वाजले की त्याच्या अंगात यायचं. चांगला, गोल, तांबडाबुंद मध्यम कांदा यायचा आणि यंत्र त्याला गोल्टीच्या खणात ढकलायचं. सगळेच नाही, मधूनच एखादा. पण ढकलायचं ते नेमके देखणे. पोरांनी आठवडाभर डोकं फोडलं. तारा बदलल्या, काचा पुसल्या, पट्ट्याचा वेग कमी केला. मालक म्हणाला, "ताई, डेटा खोटं बोलत नाही. चारनंतर काहीतरी होतंय. तुम्ही जुनं चित्रण बघा."

मी बघितलं. अकरा बायांचे हात. तोंडं दिसत नव्हती, कॅमेरा वरून होता, त्यामुळं नुसते हात आणि बांगड्या. दुपारपर्यंत हात सरळ चालायचे. मग पश्चिमेच्या उघड्या बाजूनं उन्हं तिरपी आत यायची, कांद्यांवर पिवळा उजेड पडायचा, आणि हात थोडे बदलायचे. एखादा चांगला कांदा उचलला जायचा, क्षणभर तळहातात थांबायचा, आणि गोल्टीच्या ढिगात जायचा. घाईनं नाही, चोरून नाही. पाळण्यातल्या पोराची कूस बदलावी तसा. मी तो हात ओळखला, आई.

हे ज्यांना माहीत नाही त्यांना सांगावं लागेल, तुला काय सांगायचं. दिवस संपला की निवडणाऱ्या बाईनं जाताना गोल्टीच्या ढिगातून ओटीभर कांदा घरी न्यायचा, ही यार्डातली जुनी रीत. गोल्टी म्हणजे बारका कांदा, त्याला भाव नाही, म्हणून त्याला कुणाची ना नव्हती. आणि ओटी गोल्टीचीच भरायची असेल, तर शेवटच्या तासाला त्या ढिगात चार बरे कांदे जाऊन पडायचे, ही रीतीच्या पोटातली रीत. आपल्या घरी गोल्टी कधी फार बारकी नसायचीच. चुलीच्या राखेत भाजलेला तो कांदा बुक्कीनं फोडून तू माझ्या भाकरीवर ठेवायचीस.

यंत्राला ओटी माहीत नाही. त्यानं एवढंच बघितलं की उजेड पिवळा झाला आणि कांदा देखणा असला, की त्याला गोल्टी म्हणायचं. बायांनी जे हातानं केलं ते त्यानं इमानदारीनं उचललं. मला आधी हसू फुटलं. लाखो रुपयांचं यंत्र, परदेशी कॅमेरे, आणि ते शेवटच्या तासाला बायांची ओटी भरतंय! मग हसू थांबलं, कारण मला त्याचा अहवाल लिहायचा होता. कामगार जाणूनबुजून चुकीचं निवडतात, एवढं एक वाक्य लिहिलं असतं तर सगळं खरं झालं असतं. आणि अकरा बायांचं काय झालं असतं ते मला चांगलं ठाऊक होतं, कारण ते मी एकदा करून बसलेय.

मी चौथीत होते. शाळा सुटली की मी शेडमध्ये यायचे आणि तुझ्या शेजारी पोत्यावर बसून अभ्यास करायचे. त्या दिवशी शेठकडं बाहेरगावची पार्टी आली होती, माल बघायला. दोन खुर्च्या टाकल्या होत्या, चहा आला होता. पार्टीतला एकजण मला गमतीनं म्हणाला, काय गं, तुला कळतो का कांदा? आणि मी मोठ्यांदा म्हणाले, कळतो की, आई चांगले चांगले गोल्टीत टाकती आन् आमच्या घरी आणती. तोंडातून सुटलं. तुझ्या शेजारी बसायच्या त्या मावशीच्या हातातला कांदा घरंगळत माझ्या पायाशी आला, एवढं मला आठवतंय. शेठनं कप खाली ठेवला आणि तुला उठायला सांगितलं.

मला मार पडेल असं वाटलं होतं. तू मारलं नाहीस. एस्टी स्टँडपर्यंत तू पुढं आणि मी मागं. मग तू थांबून म्हणालीस, "खरं बोललीस, त्याचं काय न्हाई. पन चारचौघांत बोललीस. त्येला काय ठाव नव्हतं व्हय? आता ऐकून घ्यावं लागलं त्येला." मला त्यातलं काही कळलं नाही. मला वाटलं, तू शेठची बाजू घेतेयस.

त्या हंगामात घोडनदीत तुला कुणी कांद्याला बसवून घेतलं नाही. आबा ट्रकवर असायचे, महिन्यातून दोनदा घरी. तू मला घेऊन न्हावऱ्यावरून चौफुल्याच्या गाडीनं वरवंडला मामाकडं आलीस. मामाच्या रानात झेंडू आणि माळवं होतं. तू दिवसभर फुलं तोडायचीस, मी तिथल्या शाळेत जायचे. मामी काही बोलायची नाही, पण ताटात वाढताना भाकरी मोडून अर्धीच वाढायची. पहिल्याच दिवशी तू मला विहिरीवर नेलंस आणि शिकेकाईनं माझे केस धुतलेस, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. मग दर रविवारी. घोडनदीला असताना तू कधी शिकेकाई वापरली नव्हतीस. पुढच्या हंगामाला मावशी स्वतः वरवंडला आली. म्हणाली, "शेठनं बलीवलंय. म्हनला, तिच्याबिगर निवड न्हाई व्हत." आणि आपण परत गेलो. तू पुन्हा त्याच पोत्यावर बसलीस, मला मात्र पुन्हा कधी शेडमध्ये येऊ दिलं नाहीस.

आता अलीकडचं. अहवाल मी अजून लिहिलाच नव्हता. कंपनीत पैसे घालणारी मुंबईची माणसं यंत्र बघायला आली. शेठ गेला, आता त्याचा मुलगा बघतो, तोही पन्नाशीचा झाला. त्यानं खुर्च्या टाकल्या, चहा मागवला. मी पट्ट्यापाशी उभी. पलीकडं बाया बसलेल्या, अजून निम्मा माल हातानंच निवडला जातो. त्यांत ती मावशी, गुडघे धरलेत, पण हात तसेच. साडेचार वाजले. यंत्रानं एक झकास कांदा गोल्टीत टाकला, मग दुसरा. पाहुण्यांतला एकजण उठून वाकून बघायला लागला. आमच्या मालकाचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "ताई, तुम्ही चित्रण बघितलंय ना सगळं? चारनंतर काय होतं, सांगा ना यांना."

तेच शेड, तोच उजेड, खुर्च्यांवर पार्टी आणि हातात कप. बायांचे हात थांबले होते. त्यांना कॅमेऱ्याचं कळत नसेल, पण कशाबद्दल चाललंय ते बरोबर कळलं होतं. मावशी माझ्याकडं बघत नव्हती. ती हातातल्या कांद्याची मान दाबत बसली होती, दाबलेलीच परत परत.

मी म्हणाले, "उजेड. चारनंतर उन्हं तिरपी येतात, कांद्याची सावली मोठी पडते, यंत्राला माप चुकतं."

कुणी काही बोलायच्या आत शेठचा मुलगा म्हणाला, "व्हय व्हय. हितं उन्हं लई तिरपी येत्यात. आमच्या वडलांच्या टायमाला बी हाच ताप व्हता." आणि चहाचा घोट घेतला. त्यानं माझ्याकडं एकदाच बघितलं. तेव्हा मला एस्टी स्टँडवरचं तुझं बोलणं कळलं, तब्बल पस्तीस वर्षांनी. त्याला ठाऊक होतं. त्याच्या बापाला ठाऊक होतं. सगळ्या यार्डाला ठाऊक होतं, आणि कुणी बोलत नव्हतं म्हणून ते चाललं होतं. तू मला चोरी झाकायला सांगत नव्हतीस. तू मला सांगत होतीस की दोन माणसांत एक गोष्ट न बोलता ठरलेली होती आणि मी ती मोडली.

पाहुणे गेल्यावर मालकानं पश्चिमेला पत्रे मारून घेतले आणि पांढऱ्या ट्यूब लावल्या. आता नवीन चित्रण घ्यायचं ठरलं. आदल्या दिवशी मी बायांमध्ये जाऊन बसले, टरफलांत, साडी सावरून. त्यांना सांगितलं की हे वरचं यंत्र तुमच्या हातांकडं बघून शिकतंय, तुम्ही कराल तेच हे कायमचं धरून बसणार. आठ दिवस सरळ निवडा.

एकजण म्हणाली, "आन् मग वटी?"

मावशी हसली. "चांगला कांदा गोल्टीत टाकायची ती हिची आयच, सगळ्यांत आधी. मला तिनंच शिकिवलं, आन् ह्या समद्यांस्नी मी," ती म्हणाली. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून, "म्हंजी ह्या मशिनला बी तिनंच शिकिवलं की गं पोरी." बाया हसल्या. मीही हसले, आणि मग मला रडू आलं, सगळ्यांसमोर. मावशीनं मला पदर दिला. कांद्यानं भरलेला पदर डोळ्यांना लावल्यावर काय होतं ते तुला माहीतच आहे.

हे इथं संपलं असतं तर मी बरी मुलगी ठरले असते. पण यंत्र नव्या उजेडात नीट शिकलं, आई. आता साडेचारलाही चुकत नाही. मी मालकाला आणि शेठच्या मुलाला धरून बसवलं, डोळे मिटून दहा कांदे दाबून दाखवले, त्यातले यंत्रानं चांगले म्हटलेले तीन चिरून आतली सड दाखवली. म्हणून पट्ट्याच्या शेवटी मान दाबायला पाच बाया ठेवल्यात. पाच. अकरा होत्या. दोघी झेंडूच्या तोडणीला जातात, एक एमआयडीसीत कॅन्टीनला लागली, दोघी अजून रोज सकाळी यार्डाच्या दाराशी येऊन उभ्या राहतात, कुणी बोलावतंय का बघायला. आणि मावशी घरी बसली. मी तिला भेटायला गेले तर म्हणाली, "माझं गुडघं तसंबी गेल्यालंच." माझ्या समाधानासाठी म्हणाली, हे कळतं मला. एक वाक्य झाकून मी अकराजणींची अब्रू राखली असेल, पण त्यांतल्या सहाजणींचं काम माझ्याच शिकवणीनं गेलं. रात्रंदिवस मला टोचतं असंही नाही. पगार झाला की मी तो घेते. पण यार्डाच्या दाराशी त्या दोघी दिसल्या की मी गाडी मागच्या बाजूला लावते.

पाचजणींची ओटी चालू आहे. शेठच्या मुलानं दाराशी गोल्टीचं एक क्रेट ठेवलंय आणि सांगितलंय, जाताना घ्या. त्या घेतात, पण क्रेट कधी रिकामं होत नाही. मावशीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "दिल्यालं आन् घेतल्यालं, येक आस्तंय व्हय?"

हे तुला पाठवायचं म्हटलं तरी पत्ता कुठला घालायचा. पण कागद संपण्याआधी एक गोष्ट सांगायची राहिलीय, आणि खरं तर ती सांगायलाच मी बसले होते. वर मी लिहिलं की त्या दिवशी शेडमध्ये माझ्या तोंडातून सुटलं. इतकी वर्षं आबांना, मामाला, नवऱ्याला, सगळ्यांना मी हेच सांगत आलेय. सुटलं नव्हतं. त्या सकाळी शाळेत माझ्या बाकावरची मुलगी माझ्या वेण्यांना कांद्याचा वास येतो म्हणून उठून दुसरीकडं बसली होती आणि अख्खा वर्ग हसला होता. मला वाटलं, शेठनं तुला काढून टाकलं की वास जाईल. पार्टी बसलीय, शेठ ऐकतोय, हे नीट बघून मगच मी बोलले. मी घरी येऊन त्या मुलीचं तुला कधी सांगितलं नाही, माझ्या वेण्यांचंही नाही. मग वरवंडला, पहिल्याच दिवशी, अजून पिशव्याही सोडल्या नव्हत्या, तेव्हा तू शिकेकाई कुठून आणलीस, आई?